पाण्याने चिप थंड झाली, मेमरीचे काय?

शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत हे सर्वांना ठाऊक आहे. नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निघाले की घोडेगावहून आत वळावे लागते. गावात चौकटी दिसतात, पण त्यांना फळी नाही, कडी नाही, कुलूप नाही. २०११ साली युको बँकेने येथे बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याचा बराच बोलबाला झाला होता. आम्हा कापडवाल्यांना मात्र या गावाची ओळख निराळ्या कारणाने आहे. जेथे दारे नाहीत तेथे पडदे लागतात. पडद्याच्या कापडाचे तागे घेऊन आम्ही बरीच वर्षे येथे जात आहोत. येथील गिऱ्हाईक रंगाला पक्के आणि वजनाला भारी कापड मागते, कारण पडदा रात्रंदिवस वाऱ्यावर असतो.

याच गावात आमच्या भाच्याने एक खोली भाड्याने घेऊन डिझाईनचे काम थाटले. यात्रेकरूंसाठी छापील पिशव्या, उपरणी आणि गावकऱ्यांसाठी पडदे, असा त्याचा माल. नक्षी संगणकावर तयार होते, ती शहरात कागदावर छापली जाते आणि तापलेल्या रोलरखालून पॉलिस्टरवर उतरते. लहानसे चित्र वाढवून चोपन्न इंची पन्ह्यावर बसवायचे, तरी रेघ फाटता कामा नये, हे काम आता संगणकातील ग्राफिक्स कार्ड करते. एका नक्षीला तासन् तास लागतात आणि तेवढा वेळ कार्ड भट्टीसारखे तापते.

एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा चाळिशीच्या पुढे जातो. इतर ठिकाणी माणूस एसी बसवून मोकळा होतो. येथे दारच नाही, थंड हवा थांबणार कोठे? भाच्याने गावाचा रिवाज पाळून चौकटीला पडदाच लावला होता. तेव्हा कोणीतरी त्याला सुचविले की कार्डाला पाण्याने थंड कर. शहरातील एका दुकानदाराने जुने पंखे व धातूचा ठोकळा काढून टाकला, चिपवर तांब्याचा वॉटर ब्लॉक बसविला, पंप आणि रेडिएटर जोडून दिला. पंख्याचा आवाज बंद झाला. चिपचे तापमान पूर्वी ऐंशीच्या वर जात असे, ते पंचावन्नवर आले. भाचा खूश होता.

चौथ्या दिवशी पडद्यावर रंगीत चौकोन उमटू लागले. आम्ही म्हणतो तो संगणकाचा पडदा, कापडाचा नव्हे. मग तो काळा पडे, आणि रात्रभराचे काम सकाळी पुन्हा पहिल्यापासून. एका नक्षीच्या तयार फाईलमध्येच ते चौकोन शिरले होते. ते कोणाच्या ध्यानात आले नाही आणि छपाईचा कागद वाया गेला. कापडावर उतरण्याआधी रोलरवरच्या कारीगराने पाहिले म्हणून तागे वाचले. माल शनि अमावस्येच्या आधी द्यायचा होता. त्या दिवशीच्या गर्दीत जे विकले जाते ते नंतर महिनाभरात विकले जात नाही.

“मामू, चिप तर थंडगार आहे, मग हे का होतंय?” असे भाच्याने आम्हास विचारले. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि उमर कापडात गेली. आम्ही त्याला काय सांगणार? पण सबब शोधल्याशिवाय धंद्यात नुकसान सोसू नये, एवढे आम्हास कळते. म्हणून आम्ही जाणकारांकडे बसून हे प्रकरण समजून घेतले.

कटिंग मास्टर आणि थान धरणारी पोरे

ग्राफिक्स कार्डाच्या मध्यभागी मोठी चिप असते. तिच्याभोवती काळ्या चौकोनी टिकल्या बसविलेल्या असतात. भाच्याच्या कार्डावर अशा दहा होत्या. त्या टिकल्या म्हणजे मेमरी. शिलाईच्या कारखान्यातील मिसाल द्यायची तर चिप हा कटिंग मास्टर आणि मेमरी म्हणजे त्याच्याभोवती थान धरून उभी असलेली पोरे. मास्टरला पंख्याखाली बसविले आणि पोरांना उन्हात ठेवले तर थोड्या वेळात थान हातातून सुटणारच.

कारखान्यातून येणाऱ्या कार्डावर धातूचा जो मोठा ठोकळा असतो, तो केवळ चिपला थंड करीत नाही. त्याच्या खालच्या बाजूस मऊ रबरासारख्या पट्ट्या असतात. त्यांना थर्मल पॅड म्हणतात. या पट्ट्या मेमरीच्या टिकल्यांना आणि चिपला वीज पुरविणाऱ्या लहान भागांना टेकतात आणि त्यांची उष्णता ठोकळ्यात ओढून घेतात. दुकानदाराने ठोकळा काढला तेव्हा हा सगळा बंदोबस्त निघून गेला. नवा वॉटर ब्लॉक फक्त चिपएवढाच होता. मेमरी उघडी राहिली आणि जुने पंखे गेल्यामुळे तिच्यावर येणारा वाराही बंद झाला. पाण्याने थंड केलेले कार्ड मेमरीच्या बाबतीत पूर्वीपेक्षा गरम झाले.

भाचा जो आकडा पाहत होता तो चिपचा होता. मेमरीचा आकडा वेगळा असतो. सर्व कार्डे तो दाखवीत नाहीत. पण २०२० पासून निघालेल्या एनव्हिडियाच्या काही मोठ्या कार्डांवर मायक्रॉन कंपनीची जीडीडीआर ६ एक्स नावाची मेमरी आहे, तिचे तापमान मोफत मिळणाऱ्या प्रोग्रामवर वाचता येते. भाच्याचे कार्ड त्याच जातीचे निघाले. चिप पंचावन्न, मेमरी एकशे आठ! ही मेमरी एकशे दहाच्या सुमारास पोहोचली की कार्ड स्वतःच आपला वेग कमी करते. रात्रीचे काम लांबत होते त्याचाही उलगडा झाला.

इलाज दोन आहेत

एक म्हणजे पूर्ण आकाराचा वॉटर ब्लॉक. तो चिप, मेमरी आणि विजेचे भाग, सर्वांवर एकदम बसतो. मात्र तो त्याच मॉडेलच्या कार्डासाठी बनविलेला लागतो. एकाच नावाचे कार्ड दोन कंपन्यांनी बनविले तर भोके आणि भाग जागचे हललेले असू शकतात. याच्यासोबत निरनिराळ्या जाडीचे थर्मल पॅड येतात आणि कोणता कोठे लावायचा ते कागदावर लिहिलेले असते. येथे अर्ध्या मिलिमीटरनेही फरक पडतो. पॅड जाड झाला तर ब्लॉक उचलला जाऊन चिपला नीट टेकत नाही, पातळ झाला तर मेमरीला टेकत नाही. अस्तर आणि कापड एका मापाचे नसले की कोट जसा एका बाजूने ओढतो, तसा हा प्रकार आहे.

काही कार्डांची तर पाठही पाहावी लागते. आरटीएक्स ३०९० या कार्डावर मेमरीच्या चोवीस टिकल्या आहेत आणि त्यांपैकी बारा मागच्या बाजूस आहेत. पुढून कितीही उत्तम ब्लॉक लावला तरी मागच्या बारांसाठी पाठीच्या पत्र्याखाली पॅड आणि त्यावर वारा लागतोच. २०२२ साली निघालेल्या ३०९० टीआयमध्ये सर्व टिकल्या पुढे घेतल्या गेल्या.

पूर्ण ब्लॉकची जी किंमत आम्हास सांगण्यात आली ती भाच्याच्या जुन्या कार्डाला परवडणारी नव्हती. म्हणून दुसरा इलाज केला. प्रत्येक टिकलीवर तांब्याचा छोटा काटेरी तुकडा, ज्याला हीटसिंक म्हणतात, उष्णता वाहून नेणाऱ्या चिकटपट्टीने बसविला. तसेच विजेच्या भागांवरही बसविले. आधी प्रत्येक टिकली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी केली. जुन्या पॅडचे तेल राहिले तर पट्टी धरत नाही. आणि या सर्वांवर सरळ वारा टाकणारा एक पंखा लावला. पंख्याशिवाय या तुकड्यांचा उपयोग फारच थोडा.

यात एक खोच आहे, ती आम्हास कोणी सांगितली नव्हती. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवे बसते आणि त्याची चिपची बाजू खाली असते. म्हणजे तांब्याचे हे तुकडे छताला चिकटविल्यासारखे उलटे लटकतात. पट्टी गरम झाली की एखादा गळून पडतो, आणि तांबे विजेच्या सर्किटवर पडले तर कार्डच जाईल. आमचा एक पडलाच, सुदैवाने कॅबिनेटच्या तळाशी. शेवटी कॅबिनेट आडवे ठेवले, म्हणजे कार्ड उभे झाले. पक्का चिकटविणारा थर्मल गोंदही मिळतो, पण तो पुन्हा निघत नाही आणि ओढताना टिकलीच उपटून येण्याची भीती असते.

आता मेमरी नव्वदच्या आसपास राहते. खोलीत एक्केचाळीस असताना याहून अधिक आशा धरण्यात अर्थ नाही. पाणी रेडिएटरमधून खोलीच्या हवेनेच निवते, म्हणून ते त्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. पाणीही डिस्टिल्ड असावे. आपल्या भागातील बोअरचे जड पाणी घातले तर ब्लॉकच्या बारीक फटींत क्षार बसतात. ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा अशी जोडीही घेऊ नये, ॲल्युमिनियम झिजते.

हा प्रश्न केवळ लहान धंदेवाल्यांचा आहे असे नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली उभा राहिलेला परम ब्रह्म हा महासंगणकही पाण्यानेच थंड केला जातो. पाणी थेट तापणाऱ्या भागापर्यंत नेण्याची पद्धत त्यात आहे. पुण्याच्याच सी-डॅकच्या परम सिद्धीमध्ये ज्या ए १०० जातीच्या चिप आहेत, त्यांची मेमरी चिपच्या शेजारी एकाच बैठकीवर असते, त्यामुळे एकच ठोकळा दोघांना झाकतो. एएमडी कंपनीने २०१५ साली फ्युरी एक्स हे कार्ड अशाच मेमरीसह आणि कारखान्यातच पाणी जोडून विकले होते. ज्यांच्या कार्डावर अशी मेमरी आहे त्यांना आमच्या भाच्याची अडचण येणार नाही. बाजारातील बहुतेक कार्डे मात्र टिकल्यांचीच आहेत.

आमच्या व्यापारी बंधूंपैकी कोणी असे काम करवून घेणार असेल तर त्याने कारीगराला पैसे देण्यापूर्वी एवढेच विचारावे, की जुन्या ठोकळ्याखाली काय काय झाकलेले होते आणि आता ते कशाने झाकणार? आमच्या भाच्याने हे विचारले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

अमावस्येचा माल दोन दिवस उशिरा गेला. पिशव्या खपल्या, उपरणी निम्मी परत आली. भाचा आता दर रविवारी रेडिएटरवरची आणि त्या तांब्याच्या काट्यांमधली धूळ ब्रशने काढतो, कारण शनिवारच्या गर्दीची सगळी धूळ पडद्याखालून आत येते. त्या चौकटीसाठी आम्ही त्याला तळाशी शिशाची साखळी शिवलेला जाड पडदा पाठविला आहे.