काठाला सातबारा नसतो

२००१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्यात ११,३६,१४६ माणसे होती. २०११ मध्ये ती १२,००,३३४ झाली. दहा वर्षांत साडेपाच टक्क्यांच्या थोडी वर वाढ. त्याच दशकात राज्य सोळा टक्क्यांनी वाढले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सागरी जिल्ह्यांची लोकसंख्या तर तेव्हा चक्क घटली आणि त्यावर भरपूर लिहिलेही गेले. कोकणच्या चाकरमान्याला मराठीत कथा मिळाल्या, नाटके मिळाली, गणपतीला एसटीच्या जादा गाड्या मिळाल्या. धान कापून झाले की तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या पूर्व विदर्भातल्या मजुराकडे मात्र आपले लक्ष गेले ते थेट २०२० च्या टाळेबंदीत, तो सीमा ओलांडून पायी घराकडे निघाला तेव्हा.

या लेखात मात्र त्या लांबच्या वाटेपेक्षा एका आखूड वाटेबद्दल लिहायचे आहे. काही गावे तीन-चार कोसच सरकली. जिल्हा तोच राहिला, बहुतेकांचा तालुकाही तोच राहिला. पण या सरकण्यात त्यांच्या पोटापाण्याचा एक अख्खा भाग कुठल्याही कागदावर न येता नाहीसा झाला. हे घडले वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणामुळे.

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते, भंडारा जिल्ह्यातून दक्षिणेकडे जाते आणि पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. तिच्या काठची वस्ती किती जुनी आहे, हे भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत दिसते. १९६९-७० मध्ये तिथे नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. एवढे जुने गाव नदीकाठी वसले ते काही केवळ पाणी प्यायला नव्हे. नदी म्हणजे रस्ता, बाजार, शेत आणि मासळी.

याच पवनी तालुक्यात २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्दचे भूमिपूजन झाले. मूळ अंदाजपत्रक ३७२ कोटींचे. पुढच्या एका सुधारित अंदाजात ते १८,४९४ कोटींवर गेले, म्हणजे जवळजवळ पन्नास पट. धरणाची लांबी अकरा किलोमीटरहून जास्त, दरवाजे ३३, सिंचनाचे उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मधल्या काळात कालव्यांच्या कामाचा दर्जा, वाढत्या किमती, चौकशी समित्या, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे गुन्हे हे सगळे झाले आणि ते वर्तमानपत्रांतून आपण वाचले आहे. मला त्यात फार शिरायचे नाही. सिंचन घोटाळ्याची चर्चा करताना आपण पैसे कोणी खाल्ले हेच विचारतो. ज्यांचे काही बुडाले, त्यांचे नेमके काय बुडाले, हा प्रश्न मागे राहतो.

बुडीत क्षेत्रात नागपूर जिल्ह्यातले कुही-भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यातले भंडारा-पवनी हे तालुके येतात. ऐंशीहून अधिक गावांना गावठाण सोडून नव्या जागी जावे लागले. सरकारी दप्तरात प्रत्येक कुटुंबाची दोन रूपे असतात, एक घर आणि एक सातबारा. घराची मोजणी होते, शेताची होते, झाडे-विहिरी मोजल्या जातात आणि मोबदला ठरतो. जमीनमालकासाठी ही पद्धत निदान समजण्यासारखी होती. आता काठाकडे पाहू.

उन्हाळ्यात नदीचे पाणी उतरले की वाळूचे पट्टे उघडे पडतात. त्या वाळूत खड्डे करून, शेणखत घालून ढिवर या मासेमार समाजातली कुटुंबे डांगरवाडी लावत. डांगर, टरबूज, काकडी, वांगी. ऐन उन्हाळ्यात, शेतीला काम नसताना हातात रोख पैसा येई. ही जमीन कोणाच्याच नावावर नाही, कारण पावसाळ्यात ती नसतेच. मासेमारीचेही तसेच. डोंगा आणि जाळे ढिवराचे, पण डोह कोणाचा? गावाच्या रिवाजाने कोणता डोह कोणाचा हे ठरलेले असे, तलाठ्याच्या दप्तरात मात्र त्याची नोंद नसे. नावाड्याचे उतारूंवरचे उत्पन्न, नदीपात्रात चरणारी गुरे, घरे सारवायला लागणारी माती, बुरडाला लागणारे काठचे बांबू, कुंभाराची माती यांचेही तेच. पाणी चढले तेव्हा हे सगळे एकदम गेले आणि मोबदल्याच्या रकान्यात त्यासमोर शून्य आले. त्या हिशेबात कुणी चूक केली असेही नाही, कारण फॉर्मवर तो रकानाच नव्हता.

महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा, मग १९८६ चा, मग १९९९ चा. मुळशीच्या सत्याग्रहापासून, म्हणजे १९२१ पासून धरणाखाली जमिनी गेलेल्या राज्यात स्वतंत्र कायदा यायला अर्धशतक लागले, हे ध्यानात घ्यावे. तरीही देशातल्या बऱ्याच राज्यांच्या आधी आपण हा कायदा केला, याचे श्रेय द्यायला हवे. या कायद्यांनुसार नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा द्यायच्या असतात: पिण्याचे पाणी, शाळा, समाजमंदिर, अंतर्गत रस्ते, वीज, गटारे, स्मशानभूमी, खळवाडी, गायरान वगैरे. यादी चांगली आहे. पण ती बांधकाम खात्याची यादी आहे. कंत्राट काढून जे बांधता येते ते तिच्यात आहे. नदीवर अवलंबून असलेल्या गावाला नदीपर्यंत जाण्याचा हक्क, जलाशयात जाळे टाकण्याचा हक्क, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पहिला हक्क, असले काही तिच्यात नाही.

पर्यायी जमिनीची तरतूद होती. लाभक्षेत्रातून जमीन हवी असेल तर मिळालेल्या मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम सरकारकडे भरायची. हे कागदावर वाचताना न्याय्य वाटते. पण मोबदला ठरतो जुन्या खरेदीखतांच्या भावाने, आणि कालव्याची आखणी झाली की लाभक्षेत्रातला शेतकरी ओलिताचा भाव मागतो. तिकडे हप्त्याहप्त्याने आलेला मोबदला लग्न, आजारपण, नव्या घराची भिंत यांत खर्च होत असतो. चार एकर बुडालेला माणूस चार एकर घेऊ शकत नाही, हे साधे गणित आहे. शेजारच्या नर्मदेवर, सरदार सरोवराच्या बाबतीत लवादाने १९७९ च्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन ही अट घातली होती. तिची अंमलबजावणी नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावातल्या आदिवासींना लढून करून घ्यावी लागली, पण लढायला निदान एक अट होती. गोसीखुर्दला कोणत्या लवादाचे असे कवच नव्हते, कारण नदी आंतरराज्य असली तरी बुडीत क्षेत्र एकाच राज्यात होते.

गोसीखुर्द प्रकल्पग्रस्त संघर्ष समितीने अनेक वर्षे मोर्चे काढले, पाण्यात उभे राहून आंदोलने केली. त्यातून २०१३ मध्ये राज्य सरकारने सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज मंजूर केले. त्यात वाढीव मोबदला होता, नोकरीऐवजी रोख रक्कम होती. अनेक घरांना त्याने हातभार लावला, हे नाकारू नये. पण तोवर भूमिपूजनाला पंचवीस वर्षे झाली होती. भूसंपादनाच्या नोंदीत जो मुलगा अल्पवयीन होता, त्याला आता स्वतःची मुले होती. ‘वाढीव कुटुंब’ हा शब्द इथल्या प्रत्येक निवेदनात सापडतो. एका घराचे पंचवीस वर्षांत तीन संसार झाले, प्लॉट एकच, आणि बाकी दोघांना नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यांची वाट. स्त्रियांच्या वाट्याला रोवणीची टोळी आणि मिरची खुडायचे सातरे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे देठ खुडणाऱ्या हातांच्या मजुरीला मात्र अजून कुठलेच मानांकन नाही.

आता धरणातल्या पाण्याकडे पाहू. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान नदीत आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. वाहत्या नदीने ते थोडेफार पचवले असते. पण पाणी अडले की ते साचते, त्यावर जलपर्णी पसरते. ढिवरासाठी हे दुहेरी संकट. उथळ वाहत्या पाण्यात फेकायचे जाळे खोल जलाशयात चालत नाही. तिथे मोठी जाळी हवी, बोट हवी, म्हणजे भांडवल हवे. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांची वाट भिंतीने अडवली जाते आणि जलाशयात कटला, रोहू, मृगल यांचे बीज सोडले जाते. मासळीच बदलते असे नाही, मालकीही बदलते. मोठ्या जलाशयातली मासेमारी ठेक्याने दिली जाते आणि जो कालपर्यंत डोहाचा धनी होता तो ठेकेदाराचा मजूर होऊ शकतो.

पाण्याची मालकी अशी बदलणे पूर्व विदर्भाला नवे नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने इथे हजारो तलाव बांधले, त्यांतून धान पिकवले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. जमीनदारी संपली हे योग्यच झाले, पण तलावही सरकारजमा झाले आणि त्यांचा गाळ काढणारी, पाळ राखणारी गावाची व्यवस्था ढिली पडली. लोकांकडे निस्तार हक्काची, म्हणजे गावाच्या सामुदायिक वापराच्या हक्काची, नोंद राहिली. ती नोंद निदान होती! भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन तलावांतल्या देशी मासळीचे आणि पाणवनस्पतींचे जे काम केले, त्याच्या मुळाशी ही जुनी सामुदायिक देखरेखच आहे. अशी देखरेख जलाशयावरही हवी, म्हणून हे काम मला इथे महत्त्वाचे वाटते.

सीमेची बाजूही इथे आहेच. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात बावनथडी म्हणजेच राजीव सागर प्रकल्प आहे, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांचा मिळून. पाणी दोन राज्यांनी वाटून घेतले, विस्थापन मात्र कमकासूर आणि सुसुरडोहसारख्या आदिवासी गावांच्या वाट्याला आले. आणि ऑगस्ट २०२० च्या अखेरीस सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणाचे पाणी सोडले गेले तेव्हा भंडारा शहरासह वैनगंगेचा सारा काठ पुराखाली गेला. वरचे राज्य किती पाणी सोडणार, हे खालच्या गावाला वेळेत कळत नाही. सीमावाद म्हटले की आपल्याला बेळगाव आठवते. भंडाऱ्यात दोन राज्यांमधला प्रश्न आहे तो पाण्याच्या निरोपाचा.

सध्या काठावर आणखी एक अर्थव्यवस्था येत आहे. अंभोऱ्याला, जिथे वैनगंगा, कन्हान आणि इतर नद्यांचा संगम आहे आणि चैतन्येश्वराचे जुने देवस्थान आहे, तिथे भंडारा-नागपूर जोडणारा केबलचा मोठा पूल झाला आहे. जलपर्यटनाचे प्रकल्प मंजूर आहेत. सुट्टीच्या दिवशी नागपूरची माणसे येतात, फोटो काढतात, वडे खातात. मला त्याचे वावडे नाही. पण ज्यांची शेते या पाण्याखाली आहेत, त्यांना या पाण्यावर बोट चालवायचा पहिला परवाना मिळणार नसेल, तर तो पर्यटन विकास त्यांच्या दृष्टीने दुसरे भूसंपादनच ठरेल.

आणि पुढे वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्प उभा आहे. गोसीखुर्दचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर कालव्यांतून पार बुलढाण्यापर्यंत न्यायचे, वाटेत साठवण तलाव बांधायचे. पश्चिम विदर्भाची तहान खरी आहे, म्हणून या योजनेला सरसकट विरोध करणे मला पटत नाही. पण यावेळी एक गोष्ट १९८८ पेक्षा वेगळी आहे. २०१४ पासून लागू झालेल्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत जंगल किंवा जलस्रोतांवर गेली तीन वर्षे प्रामुख्याने जगणारी कुटुंबे येतात, आणि त्यात मासेमार आणि नावाडी यांचा नावाने उल्लेख आहे. ढिवरासाठी कायद्यात हे दार उघडले आहे. मात्र त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात एक पळवाटही आहे: पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन होणार असेल तर सिंचन प्रकल्पांना सामाजिक परिणाम मूल्यांकनाची अट लागू होत नाही. म्हणजे व्याख्येत मासेमार आहे, पण त्याला गावोगाव शोधून यादीत घालण्याची पायरीच गळू शकते.

म्हणून काठच्या ग्रामसभांना एवढेच सांगणे आहे. मोजणीची माणसे येण्याची वाट पाहू नका. कोणत्या डोहावर कोण जाळे टाकते, कोणाची डांगरवाडी कुठल्या वाळूत असते, कोणाचा डोंगा कुठल्या घाटाला लागतो, गायरान नदीपात्रात कुठपर्यंत जाते, याची नावनिशीवार यादी आताच करा, तिचा ठराव घ्या आणि त्याची एक प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्या.