खाऱ्या टाकीची गळती
आमच्या ढोकी गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे समुद्री माशांच्या टाकीसाठी आरओच्या दर लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ विरघळवून बनवलेलं पाणी गळून गेलं की जीव हळहळतो. फरशी ओली होण्याआधीच काचेच्या सांध्यावर पांढरी, खरखरीत मिठाची रेघ उमटते. शोध तिथूनच सुरू करा. मासे तितक्याच खारट पाण्याच्या टबात हलवा, हवेचा पंप चालू ठेवा. फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात ठेवा, त्यातले जिवाणू वाळून मरता कामा नयेत. टाकी रिकामी करून आतलं जुनं सिलिकॉन ब्लेडनं पूर्ण खरवडा. जुन्यावर नवं नीट धरत नाही, फसगत इथंच होते. बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन भरा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन दिवस, थांबा. मग आधी साधं पाणी भरून रात्रभर टाकीखाली कोरडा कागद ठेवा.