पंप चालतो, पण पाणी चढतं का?

पंप चालू असल्याचं दारातूनच ऐकू येतं. तो पाणी उचलतो आहे का, हे पाहायला मात्र विहिरीत डोकवावं लागतं. सांडपाण्याच्या देखभालीचे करार सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या नोकरीतले बहुतेक वाद या एका फरकावरूनच झाले.

मी अकोटचा. डिप्लोमा करून महाराष्ट्रातल्या एका महानगरपालिकेच्या मलनिस्सारण विभागात, यांत्रिकी शाखेत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. गावाकडे आलो की लोक विचारायचे, "गटारं बांधता का?" बांधकाम दुसऱ्या शाखेकडे होतं. माझ्याकडे पंप हाऊस, त्यातल्या मोटारी, पॅनल, जनरेटर, शुद्धीकरण केंद्रातले ब्लोअर आणि हे सगळं चालतं राहावं म्हणून निघणाऱ्या निविदा. निविदा काढायची, कार्यादेश निघाला की ठेकेदाराकडून काम करून घ्यायचं, मोजमाप पुस्तकात नोंद करायची, बिल तपासून वर पाठवायचं.

न्हाणीघरातून निघालेलं पाणी कुठे जातं हे आधी सांगतो. जमिनीखालच्या नळातून ते उताराने वाहत जातं. दिवसातून एकदा तरी त्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या वर जावा लागतो, नाहीतर गाळ तळाशी बसतो. उतार देत देत नळ खोल जातो आणि शेवटी पाणी एका मोठ्या विहिरीत पडतं. तिच्या तोंडाशी जाळी असते. चिंध्या, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड तिथे अडतात, निदान अडायला हवेत. विहिरीतून पंप ते पाणी उचलून शुद्धीकरण केंद्राकडे ढकलतो. तिथे मैला खाणारे जिवाणू असतात आणि ब्लोअर त्यांना हवा पुरवतात. या साखळीतली कोणतीही एक कडी थांबली, तर काही तासांत सखल भागातल्या घरांच्या संडासातून पाणी उलटं येतं. म्हणून देखभाल चोवीस तास लागते. पालिकांमध्ये मंजूर पदं कमी, जुने फिटर निवृत्त होत गेले, आणि ही चोवीस तासांची जबाबदारी ठेक्यावर गेली.

एका उन्हाळ्यात सखल भागातल्या पंप हाऊसवरून फोन आला. ऑपरेटर दर्यापूरकडचा, माझ्याशी वऱ्हाडीतच बोलायचा. "सायेब, मोटर त चालू हाय, पन पानी नाई चढत." जाऊन पाहिलं. मोटार चालू होती, अँपिअर जवळपास नेहमीसारखे होते, लॉगबुकात तासागणिक नोंदी होत्या. विहीर मात्र काठोकाठ. त्या महिन्याचं ठेकेदाराचं बिलही बरोबर होतं, कारण आमच्या करारात पैसे पंप चालल्याच्या तासांवर आणि पाळीवर हजर असलेल्या माणसांवर ठरले होते. तास भरले होते आणि माणसं हजर होती.

अशा वेळी करायची परीक्षा साधी आहे, त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. विहिरीत येणारं पाणी झडप लावून थोडा वेळ अडवायचं, एक पंप चालू करायचा आणि पातळी एक मीटर उतरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहायचं. समजा विहिरीचा व्यास ६ मीटर आहे. मग एक मीटर उंचीत साधारण २८ घनमीटर पाणी मावतं. पंप ताशी २०० घनमीटरचा असेल, तर साडेआठ मिनिटांत पातळी एक मीटर खाली यायला हवी. बारा मिनिटं लागली, तर पंप ताशी १४० घनमीटरच उचलतो आहे. उरलेलं पाणी झिजलेल्या इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, फटीतून आतल्या आत गोल फिरतं आणि त्यावर वीज जळत राहते. ते बिल पालिकेलाच भरावं लागतं. पंपाच्या आयुष्यात त्याच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसा विजेवर जातो. म्हणून दर दशलक्ष लिटर पाणी उचलायला किती युनिट लागले, हा आकडा मी प्रत्येक पंप हाऊसच्या फळ्यावर लिहायला लावायचो.

पुढच्या निविदेत आम्ही ही परीक्षा घातली. दर महिन्याला पालिकेचा अभियंता आणि ठेकेदाराचा माणूस दोघांसमोर पंप तपासायचा. ठरलेल्या क्षमतेच्या नव्वद टक्क्यांखाली गेला, तर त्या प्रमाणात बिलातून कपात. दोनतीन महिन्यांत ठेकेदाराने स्वतःहून वेअर रिंग आणि मेकॅनिकल सील मागवून ठेवले. माणसं तीच होती आणि पंपही तेच. आधी त्याला तास विकण्याचे पैसे मिळत होते, आता पाणी उचलण्याचे मिळू लागले.

देखभालीचा करार कागदावर एकच दिसला, तरी त्यात बरेच प्रकार असतात. काही ठिकाणी फक्त मजूर पुरवायचे असतात. काही करारांत दुरुस्ती ठेकेदाराची आणि सुटे भाग पालिकेचे. काहींत सगळंच ठेकेदाराचं, भागांसह. पालिकेने भाग द्यायचे असले, तर एका सीलसाठी फाइल चार टेबलं फिरते आणि तोवर पंप उघडा पडून राहतो. सगळं ठेकेदाराचं असलं, तर अडचण वेगळी. पहिल्या वर्षी तो मन लावून काम करतो. शेवटच्या वर्षात मात्र बदलायला झालेली बेअरिंगसुद्धा पुढच्या ठेकेदाराच्या गळ्यात टाकायला बघतो. यावर मला एकच उपाय चालताना दिसला आहे. करार सुरू होताना प्रत्येक यंत्राची स्थिती मोजून लिहायची, संपतानाही तशीच मोजायची आणि शेवटच्या काही बिलांतली रक्कम ती मोजणी होईपर्यंत थांबवून ठेवायची.

निविदा उघडण्याचा दिवस मला नेहमी काळजीचा वाटायचा. अंदाजपत्रकापेक्षा कमी दराला ठेकेदारांच्या बोलीत 'बिलो' म्हणतात. पंचवीस टक्के बिलो, तीस टक्के बिलो असे आकडे वाचले जायचे आणि सभागृहात पैसे वाचल्याचं समाधान पसरायचं. पण देखभालीच्या अंदाजपत्रकात मोठा वाटा माणसांच्या पगाराचा असतो आणि किमान वेतन कायद्याने ठरलेलं असतं. तीस टक्के कुठून निघणार? चार माणसांच्या जागी तीन येतात, फिटरच्या जागी हेल्पर येतो, तेल बदलायच्या तारखा पुढे जातात, भविष्यनिर्वाह निधी भरायचा राहतो. खूप खाली आलेल्या निविदेकडून जादा अनामत घेता येते आणि ती घ्यावीच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ठेकेदाराला समोर बसवून दराची फोड मागावी. एका पाळीत किती माणसं, प्रत्येकाला किती रुपये, वर्षाला किती सील. फोड देता न येणारा ठेकेदार आपल्याला काय देणार, ते तिथेच कळतं.

ही गोष्ट एकाच बाजूने सांगणं मला पटत नाही. ठेकेदाराचं बिल महिनोन्‌महिने थकतं तेव्हा त्याच्या फिटरच्या घरातही पगार जात नाही. आधीची उधारी थकल्यामुळे दुकानदाराने सील दिलं नाही, म्हणून बंद पडलेला पंप मी पाहिला आहे. त्या दिवशी ठेकेदाराला दंड लावणं मला अन्यायाचं वाटलं आणि तसं मी टिपणीत लिहिलं. कायद्याप्रमाणे ठेकेदाराने कंत्राटी कामगारांची मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. हे पालिकेच्या लेखा विभागालाही पाठ हवं.

आता आमच्या वऱ्हाडाचं. पुण्यामुंबईकडची निविदा उतरवून काढून इथे लावली, तर ती चालत नाही. इथली काळी माती पावसात फुगते आणि चैत्र-वैशाखात भेगाळते. त्या हालचालीने नळाचे सांधे सरकतात, चेंबरच्या भिंती तडकतात, आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी त्या फटींतून गटारात शिरतं. म्हणून सांध्यांची तपासणी पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा, असं करारात वेगळं लिहावं लागतं. उन्हाचंही तसंच. अनेक मोटारी भोवतालचं तापमान ४० अंश धरून बनवलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या पंप हाऊसमध्ये त्याहूनही वर. पॅनलला पंखा, खोलीला वाऱ्याची वाट, उन्हाळ्यात वाइंडिंगची तपासणी, हे सगळं अंदाजपत्रकात धरायलाच हवं.

उष्णतेचा आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. साचलेल्या गरम मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, कुजक्या अंड्यासारख्या वासाचा. नळाच्या वरच्या ओल्या भागावर काही जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते काँक्रीट खात जातं. वरून रस्ता धड दिसतो आणि एक दिवस खचतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात जमिनीतलं पाणीही खारं आहे. तिथे लोखंड आणि काँक्रीट बाहेरूनही झिजतं.

याच वायूने माणसं मरतात. थोडा असला तर वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं आणि आत उतरलेल्याला वाटतं की धोका टळला. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ती ३० लाख केली. करारात 'सुरक्षेची जबाबदारी ठेकेदाराची' अशी एक ओळ लिहून भागत नाही. वायू मोजायचं यंत्र, हवा फेकणारा पंखा, तिपाई, कमरेचा पट्टा ही साधनं यादीत वेगळ्या दराने यायला हवीत. दर वेगळा नसेल तर ठेकेदार ती आणणारच नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. पाण्याच्या जोरदार झोताने गटार साफ करणाऱ्या जेटिंग मशिनने होणाऱ्या कामासाठी माणूस आत उतरवायचाच नाही, हेही तिथेच लिहावं.

अकोटला परत आल्यावर हे सगळं नव्या नजरेने दिसू लागलं. २०११च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ९२ हजारांच्या पुढे होती. नळगटाराच्या मानकाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं, तर एवढ्या वस्तीतून रोज सुमारे एक कोटी लिटर सांडपाणी निघतं. आमच्या गल्लीत जमिनीखालचं गटार नाही. प्रत्येक घरामागे सेप्टिक टाकी आहे. काळ्या मातीत शोषखड्डा पाणी पीत नाही, म्हणून टाकीतून बाहेर पडणारं पाणी नालीत जातं. टाकी भरली की लोक टँकर बोलावतात, तेही संडास तुंबल्यावर. दोनतीन वर्षांनी गाळ उपसला नाही, तर टाकीत मैला कुजायला जागाच उरत नाही आणि तो तसाच नालीत उतरतो. अशा गावात टँकर हेच फिरतं गटार असतं. त्याची देखभालही कराराने बांधता येते.

ते करून दाखवलं ते सातारा जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने. २०१८च्या सुमारास, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या गटाच्या मदतीने, या नगरपरिषदांनी ठरवलं की घरमालकाच्या फोनची वाट पाहायची नाही. गावाचे भाग पाडायचे आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसायची. काम खासगी ठेकेदाराचं, पैसे उपसलेल्या टाक्यांच्या हिशेबाने. घरमालक टँकरवाल्याला हातात पैसे देत नाही, खर्च करातून जातो. ठेकेदाराचे पैसे अडकू नयेत म्हणून ते बाजूला राखून ठेवणारं वेगळं एस्क्रो खातं. उपसलेला गाळ शेतात किंवा नाल्यात न सांडता प्रक्रिया केंद्रात न्यायचा. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती टाक्यांवर ठरलेली रक्कम. टँकरच्या फेऱ्यांवर पैसे दिले असते, तर अर्धी टाकी उपसून दोन फेऱ्या झाल्या असत्या. सोबत केंद्राच्या दारात गाळ मोजला, की वाटेत सांडण्यातही काही फायदा राहत नाही.

मोठ्या शहरांत हेच तत्त्व मोठ्या रकमांना लावलं जातं. नमामि गंगेच्या प्रकल्पांत केंद्र बांधणाऱ्याला बांधकामाच्या काळात ४० टक्केच रक्कम मिळते. उरलेली ६० टक्के पुढची १५ वर्षं हप्त्याने मिळते, तीही बाहेर पडणारं पाणी ठरल्याइतकं शुद्ध असेल तरच. आपल्या नागपूरला भांडेवाडीत १३० आणि २०० दशलक्ष लिटरची केंद्रं आहेत. तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे जातं. ते पाणी विकत घेणारा वीज कारखाना शेवटी उभा असल्याने गुणवत्तेवर लक्ष ठेवणारा एक जास्तीचा पहारेकरी मिळाला. अकोल्यातही 'अमृत' योजनेतून मोर्णेकाठी शिलोड्याला ३० दशलक्ष लिटरचं केंद्र झालं. अशी केंद्रं दहा वर्षांनी कशी असतील, ते आज होणाऱ्या देखभालीच्या करारांवर ठरणार आहे. म्हणून माझ्या धंद्यातली तरुण मुलं भेटली की मी त्यांना उद्घाटनाच्या बातमीऐवजी निविदेची दंडाची आणि हस्तांतरणाची कलमं वाचायला सांगतो.

वाईसारखं काही अकोटात करायचं, तर पहिल्यांदा यादी लागेल. कोणत्या घरामागे टाकी आहे, तिची लांबी-रुंदी-खोली किती, शेवटची कधी उपसली, टँकरचा पाइप तिथपर्यंत पोचतो का. ही यादी नसेल, तर ठेकेदार अंदाजाने दर भरतो आणि पुढे पहिल्याच महिन्यात वाद सुरू होतो. सकाळच्या वेळात मी आमच्या गल्लीपासून ती लिहायला घेतली आहे. लोक आपुलकीने सांगतात. पण अनेक घरांत टाकीचं झाकण नव्या फरशीखाली गेलं आहे आणि ते नेमकं कुठे आहे हे घरातल्या म्हाताऱ्यांनाच आठवतं. म्हणून मी आधी त्यांच्याकडे जातो. त्यांनी बोट दाखवलं, की मेझरिंग टेप लावून कोपऱ्यापासूनचं अंतर वहीत टिपून घेतो.