घोड्यासाठी वळलेला पूल

कालवा आला म्हणजे कुणाच्या तरी शेताचे दोन तुकडे होतात, कुणाची गाडीवाट तुटते. हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको! इंग्लंडातही तेच झाले. तेथील चेशायर भागातला मॅक्लेसफील्ड कालवा सुमारे २६ मैलांचा. तो १८३१ साली सुरू झाला. मार्गाची पाहणी टॉमस टेलफर्ड यांनी केली होती आणि बांधकाम विल्यम क्रॉस्ले यांनी पाहिले. तुटलेल्या वाटा जोडण्यासाठी कालव्यावर ठिकठिकाणी दगडी कमानींचे पूल बांधले गेले. त्यांतले काही पूल मात्र मोठे नवलाचे आहेत.

हा कालवा शेतीसाठी नव्हे, मालाच्या नावांसाठी होता. काठावरच्या पायवाटेने घोडा चाले आणि लांब दोराने नाव ओढी. आता ही पायवाट मध्येच डावा काठ सोडून उजव्या काठाला गेली तर? घोड्याने पूल ओलांडायचा, हे सरळच. पण तो पुलापलीकडे उतरला, तर दोर पुलावरून जाणार आणि नाव पुलाखालून! म्हणजे दर वेळी दोर सोडा, पुन्हा बांधा.

यावर तोड कशी काढली पाहा. घोडा पुलाच्या अलीकडून चढतो, पूल ओलांडतो आणि समोरच्या काठावर पुन्हा अलीकडच्याच बाजूला उतरतो. त्यासाठी उताराची वाट गोल वळवून खाली आणलेली असते. मग घोडा कमानीखालून पुढे जातो. दोर सुटत नाही, अडकतही नाही. सापासारख्या या वळणामुळे लोक त्याला 'सर्पपूल' म्हणतात.

शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. पुठ्ठ्याची कमान, खडूची नाव आणि हातभर दोरा, एवढे साहित्य पुरे. दोरा आधी पलीकडे उतरवा, मग अलीकडे. मुले आपणच उत्तर सांगतील.

ओढणारे घोडे केव्हाच गेले. आज तेथे हौशी प्रवाशांच्या यांत्रिक नावा फिरतात. पण जुन्या पुलांच्या कडांवर दोरांनी घासून पडलेल्या खाचा अजून दिसतात. वरच्या गाडीवानाची सोय पाहताना खालच्या मुक्या जनावराची आणि त्याला हाकणाऱ्याची अडचणही कुणीतरी ध्यानात घेतली होती, हे त्या पुलांकडे पाहून कळते.

आपल्या गावाजवळ कालव्यावर जुना पूल असेल, तर एकदा मुलांना घेऊन तेथे जा. हा पूल कुणाच्या वाटेसाठी बांधला आणि कुणाची वाट तुटलेलीच राहिली, एवढे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.