दुकानाचं नेट आणि इंटरनेटचा नवा पत्ता

भिवंडी-मालेगावात लूम एका गल्लीत, घर दुसऱ्या. कारखान्यात कॅमेरे बसतात, डीव्हीआर लागतो, पण घरून मोबाइलवर बघायला गेलं की चित्रच येत नाही. बसवणारा म्हणतो, "भाई, स्टॅटिक आयपी घ्या." म्हणजे वेगळे पैसे. असं का होतं, ते नीट समजून घेऊ.

इंटरनेटवर प्रत्येक उपकरणाला पत्ता लागतो, त्यालाच आयपी म्हणतात. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही ४ मध्ये, पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. माणसंच ८०० कोटींच्या वर, आणि एकेका घरात चार-पाच मोबाइल! फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. म्हणून आता पुष्कळ नेट कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांना मिळून देतात. चाळीचा पत्ता आहे, खोली नंबर नाही, असं समजा. आतून गेलेल्या पत्राचं उत्तर दारावरचा माणूस लक्षात ठेवून पोचवतो. बाहेरून आपणहून आलेलं पत्र कुठल्या खोलीचं, हे त्याला कळत नाही. कॅमेऱ्याचं तेच होतं. शिवाय चाळीतल्या एकाने भानगड केली आणि एखाद्या वेबसाइटने तो पत्ताच बंद केला, तर भोगतात सगळे.

आयपीव्ही ६ मध्ये पत्ता ३२ ऐवजी १२८ बिटांचा. प्रिंटर, कॅमेरा, टॅलीचा कॉम्प्युटर, ज्याला त्याला आपला पत्ता. यात आपला देश मागे नाही. जिओ २०१६ मध्ये आलं तेच हे घेऊन. तुमचा मोबाइल बहुधा आधीच त्यावर चालतो. अडलंय ते दुकानातल्या जुन्या राउटरपाशी.

जुनं लगेच काढून टाकायचं नाही. दोन्ही पद्धती एकत्र चालतात, त्याला ड्युअल स्टॅक म्हणतात. नेटवाल्याला विचारा, आमच्या लाइनवर आयपीव्ही ६ येतं का? येत असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये ते चालू करून घ्या.

एक मात्र सांभाळा. चाळीत निदान आडोसा होता. आता प्रत्येक खोलीचं दार थेट रस्त्यावर उघडू शकतं. राउटरचा फायरवॉल चालूच राहू द्या, फक्त डीव्हीआरपुरती वाट मोकळी करा आणि कंपनीतून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. नवा राउटर किंवा डीव्हीआर घेताना बिल होण्याआधी विचारा, हा आयपीव्ही ६ वर चालतो का. दुकानदार "सब चलता है" म्हणाला, तर खोक्यावर लिहिलेलं दाखवायला सांगा.