छत्री दोन दिवसांची, नोंद पन्नास वर्षांची

दोन-तीन चांगले पाऊस झाले, की शेताच्या बांधावर, परसात, कुजक्या ओंडक्यावर छत्र्या उगवू लागतात. कुणी त्यांना अळंबी म्हणतं, कुणी भूछत्र, तर कुणी सरळ कुत्र्याची छत्री. गोव्यात त्या ओळमी होतात, विदर्भात सात्या आणि टेकोडे. त्या दिसल्या की आपण एकच विचारतो : खायची, की विषारी? मला त्यापुढे आणखी एक प्रश्न पडतो : ही कधी उगवली आणि कुठे? त्याचं उत्तर वहीत लिहून ठेवण्याचा छंद मला गेली काही वर्षं आहे. तो आपल्यालाही लागावा, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आंब्याच्या झाडाला आंबा, तशी कवकाला म्हणजे बुरशीला छत्री. ते तिचं फळ. खरी बुरशी सुतासारख्या बारीक तंतूंच्या रूपात मातीत किंवा लाकडात वर्षभर पसरलेली असते. पण ती आपल्या नजरेला पडत नाही. ओल आणि ऊब जुळून आली, की छत्री वर येते, आपले बीजाणू वाऱ्यावर सोडते आणि बहुधा दोन-चार दिवसांत सडून जाते. तज्ज्ञ माणूस पुण्या-मुंबईहून येईपर्यंत ती थांबत नाही. तिला पाहतो तो तिथे राहणारा माणूस : गुराखी, शेतकरी, शाळेत जाणारी मुलं, सकाळी फिरायला निघालेले आजोबा.

आणि पाहण्यासारखं पुष्कळ शिल्लक आहे. जगात आजवर कवकांच्या सुमारे दीड लाख जातींना नावं मिळाली आहेत. लंडनच्या क्यू उद्यानाच्या २०२३ सालच्या अहवालात एकूण जाती सुमारे पंचवीस लाख असाव्यात, असा अंदाज आहे. म्हणजे शंभरातल्या नव्वदांहून अधिक जातींचं अजून बारसंच व्हायचं आहे!

हौशी माणसाच्या वहीचं मोल किती, याचं एक उदाहरण सांगतो. इंग्लंडच्या दक्षिणेला सॅलिसबरी नावाचं शहर आहे. त्या परिसरातल्या छत्र्यांच्या १९५० ते २००५ या काळातल्या नोंदी एडवर्ड गँज या हौशी निरीक्षकाकडे जमल्या होत्या. त्यांचे चिरंजीव ॲलन हे जीवशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी या नोंदी संगणकावर घेतल्या. ३१५ जाती आणि सुमारे ५२ हजार नोंदी! त्यातून दिसलं असं, की शरद ऋतूतला छत्र्यांचा हंगाम १९५० च्या दशकात सरासरी ३३ दिवसांचा होता, तो नव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे ७५ दिवसांचा झाला. छत्र्या लवकर येऊ लागल्या आणि उशिरापर्यंत राहू लागल्या. काही जाती तर वर्षातून दोनदा उगवू लागल्या. बदलत्या हवामानाचा हा पुरावा २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. लेखकांच्या यादीत मुलाबरोबर वडिलांचंही नाव होतं. हंगाम दुपटीहून लांबला, ही गोष्ट काही एका वर्षाच्या पाहणीतून कळली नसती. वर्षानुवर्षं कुणीतरी तारीख लिहीत होतं, म्हणून ती कळली.

आता आपल्याकडे पाहू. वारुळावर उगवणारी अळंबी सर्वांत चवदार मानतात. वाळवी आपल्या वारुळात ही बुरशी बागेसारखी जोपासते आणि तिच्यावर जगते. माणसाला मात्र तिची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही. बाजारात येते ती सगळी रानातून खुडलेली. कोकणात कुठल्याही जाणत्या माणसाला विचारा, तो सांगेल, 'पूर्वी टोपल्या भरायच्या, आता ओंजळभर मिळते.' हे खरं असेल. पण कारण काय? वारुळं मोडली, की खुडणारे हात वाढले, की पावसाची चाल बदलली? की पूर्वीचं सगळं आठवणीत मोठंच दिसतं? ठरवायचं कशावरून? आपलं हवामान खातं १८७५ सालचं. पावसाची मोजमापं आपल्यापाशी आहेत. त्यांच्याशेजारी मांडायला अळंबीची वही मात्र नाही. आठवण साक्ष देते, पण तारीख सांगत नाही. आणि पुराव्यावाचून कुठल्याही रानाची, वारुळाची बाजू मांडता येत नाही.

नोंद करायची कशी? अगदी सोपं आहे. तारीख आणि ठिकाण लिहा. छत्री कशावर उगवली आहे ते पाहा : माती, शेण, वारूळ, मेलेलं लाकूड की जिवंत झाड, झाड असेल तर कोणतं. फोटो तीन घ्या : वरून, खालच्या पडद्यांचा आणि देठाच्या बुडाचा. बूड उपटून तोडू नका, काडीने माती हलकेच सैल करा. ओळख पुष्कळदा तिथेच दडलेली असते. आकार कळावा म्हणून शेजारी एखादं नाणं ठेवा. एक छत्री घरी आणून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवा आणि वर वाटी झाका. सकाळपर्यंत बीजाणूंचा ठसा उमटतो. त्याचा रंग लिहून ठेवा.

हे सारं 'आयनॅचरलिस्ट' किंवा 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल' या संकेतस्थळांवर चढवता येतं. तिथले जाणकार नाव सुचवतात. नाव नाही मिळालं तरी हिरमुसू नका. पुष्कळ जाती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ओळखता येत नाहीत. बिननावाची नोंदही पुढे कामाला येते. खाण्याजोग्या अळंबीची नेमकी जागा मात्र जगजाहीर करू नका. ती झाकून नोंद करण्याची सोय 'आयनॅचरलिस्ट'वर आहे. आणि फोटोवरून कुणी 'खायला हरकत नाही' म्हणालं, तरी खाऊ नका. नोंद करणं वेगळं आणि ताटात वाढणं वेगळं. काही विषारी छत्र्या हुबेहूब खाण्याजोग्या दिसतात आणि त्यांचं विष शिजवूनही जात नाही.

कधी कधी अशा नोंदीतून नवलही हाती लागतं. जून २०२३ मध्ये कर्नाटकात, कुद्रेमुखच्या पायथ्याशी, काही निसर्गप्रेमींना एका जिवंत बेडकाच्या कुशीतून उगवलेली इवलीशी छत्री दिसली. त्यांनी बेडकाला हात न लावता फोटो काढले आणि ते जाणकारांपुढे ठेवले. पुढे शास्त्रीय नियतकालिकात त्याची रीतसर नोंद झाली.

पण नवल रोज दिसत नाही आणि त्याच्या मागे धावायचंही कारण नाही. घराजवळची एकच जागा निवडा : देवराई, शाळेचं आवार, नाहीतर गल्लीतलं जुनं झाड. जून ते ऑक्टोबर, आठवड्यातून एकदा तिथे जा. काही दिसलं तर लिहा. काहीच नसेल तर 'आज काही नाही' एवढंच लिहा, तारखेसह. पन्नास वर्षांनी ती रिकामी ओळदेखील कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असेल.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)