गेटटेक्स्ट : भाषांतरांचे दफ्तर

एकाच संकेतस्थळावर पुण्याच्या वाचकाला मराठीतून, वॉर्साच्या वाचकाला पोलिशमधून आणि कैरोच्या वाचकाला अरबीतून शीर्षके, सूचना व इशारे वाचावयास मिळतात, तेव्हा त्या सर्वांच्या मागे राबणारी आज्ञावली एकच असते. भाषेगणिक पालटतो तो केवळ मजकूर. हा मजकूर ठेवावा कोठे, हवा त्या क्षणी तो शोधावा कसा, आणि भाषांची संख्या पाचावरून पन्नासावर गेली तरी यंत्रावरील भार वाढू न देता तो हजर कसा करावा, हा प्रश्न वरकरणी निव्वळ कोठारव्यवस्थेचा वाटतो. परंतु कोणत्या भाषेला संगणकाच्या व्यवहारात सहज प्रवेश मिळेल आणि कोणती उंबरठ्याबाहेर तिष्ठत राहील, हे पुष्कळ अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. या प्रश्नाला मिळालेल्या अनेक उत्तरांपैकी जे उत्तर काळाच्या कसोटीला विशेष उतरले आणि आजही वर्डप्रेस व जँगो यांसारख्या विख्यात प्रणालींच्या पायाशी उभे आहे, त्याचे नाव गेटटेक्स्ट.

गेटटेक्स्टच्या पूर्वी युनिक्सच्या जगात जी पद्धत प्रमाण मानली जात असे, ती क्रमांकांची होती. एक्स/ओपन या संस्थेने पुरस्कारिलेल्या कॅटगेट्स पद्धतीत प्रत्येक वाक्याला एक क्रमांक नेमून दिलेला असे, आणि आज्ञावलीत त्या क्रमांकाचा हवाला देऊन वाक्य मागवावे लागे. क्रमांक अल्प जागा व्यापतात आणि यंत्राला ते झटकन उमगतात, हा या पद्धतीचा गुण खरा. परंतु अनेक माणसे मिळून आज्ञावली लिहू लागली म्हणजे नवे क्रमांक कोणी द्यावे, रद्द झालेल्यांचे काय करावे, आणि जुन्या भाषांतराची नव्या आवृत्तीशी रुजुवात कोणी घालावी, हा बंदोबस्त त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या मानेवर बसे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतून पुढे आलेल्या गेटटेक्स्टच्या कल्पनेने क्रमांकांना रजा दिली आणि मूळ वाक्यालाच किल्लीचा मान दिला. आज्ञावली लिहिणाराने आपले इंग्रजी वाक्य एका छोट्याशा खुणेत गुंडाळून जागच्या जागी ठेवावे, आणि आज्ञावली चालू असताना यंत्राने ते वाक्य दफ्तरात शोधून त्याच्यासमोर नोंदलेले भाषांतर आणून द्यावे, एवढाच हा करार. 1995 साली उलरिख ड्रेपर यांनी ग्नू प्रकल्पासाठी या कल्पनेला मुक्त आज्ञावलीचे रूप दिले, पुढे ब्रूनो हाइबल यांनी ती दीर्घकाळ सांभाळली, आणि एका कंपनीची योजना सार्वजनिक मालमत्ता होऊन बसली.

या दफ्तरात दोन प्रकारच्या वह्या असतात, आणि त्यांच्या भेदातच या रचनेचे शहाणपण साठवलेले आहे. पहिली वही पीओ नावाची, ती माणसांसाठी. तिच्यात मूळ वाक्य व त्याखाली भाषांतर अशा जोड्या साध्या मजकुरात लिहिलेल्या असतात. वाक्य आज्ञावलीच्या कोणत्या भागातून आले याचा निर्देश, लिहिणाराने भाषांतरकारासाठी ठेवलेली टीप आणि संशयित नोंदींवरील शेरा, हे सारे तिच्यात जोडीने नांदते. मूळ वाक्य किंचित बदलले तर जुने भाषांतर फेकून दिले जात नाही. नव्या वाक्याशी जुळणारे जुने वाक्य हुडकून त्याचे भाषांतर त्यावर ‘फझी’ असा शेरा मारून ठेवले जाते, म्हणजे माणसाच्या श्रमाचा विनाश होत नाही आणि अपुष्ट मजकूर वाचकासमोरही जात नाही. दुसरी वही एमओ नावाची, ती यंत्रासाठी. पीओवरून ती तयार होताना टिपा व निर्देश गळून पडतात, ज्यांचे भाषांतर झालेले नाही आणि ज्यांवर संशयाचा शेरा आहे अशा नोंदीही एरवी वगळल्या जातात, आणि उरतो तो केवळ निर्णीत मजकूर.

एमओची अंतर्रचना इतकी मितव्ययी आहे की तिचा तपशील देण्याचा मोह आवरत नाही. प्रारंभी 28 बाइटांची प्रस्तावना: ओळखीचा आकडा, आवृत्ती, वाक्यांची संख्या, मूळ वाक्यांची, भाषांतरांची व शोधसारणीची स्थाने, आणि शोधसारणीचे आकारमान. त्यानंतर दोन समांतर तक्ते येतात. प्रत्येक वाक्यासाठी पहिल्या तक्त्यात मूळ वाक्याची लांबी व जागा, आणि दुसऱ्यात भाषांतराची लांबी व जागा. प्रत्येक नोंदीला आठ बाइट, म्हणजे एका जोडीमागे या तक्त्यांचा खर्च अवघा 16 बाइटांचा. मूळ वाक्ये वर्णानुक्रमे लावलेली असल्यामुळे शब्दकोश मध्यावर उघडून अर्धा भाग बाजूला टाकावा, तसा शोध चालतो आणि दहा हजार वाक्यांतून हवे ते वाक्य चौदांहून अधिक तुलना न करता हाती लागते. शोधसारणी असेल तर त्याहूनही लवकर. ही वही वाचण्यासाठी तिचा उलगडा करावा लागत नाही, ती जशीच्या तशी स्मृतीत नकाशाप्रमाणे पसरता येते, आणि एकाच यंत्रावर चालणाऱ्या अनेक प्रक्रिया तिची एकच प्रत वाटून घेऊ शकतात. भाषांतर एकदा लिहिले जाते आणि लक्षावधी वेळा वाचले जाते, या वस्तुस्थितीची खूणगाठ मनाशी बांधून सारा खर्च लिहिण्याच्या बाजूला टाकणारी अशी ही रचना आहे.

वेबच्या जगात मात्र या रचनेला निराळ्या परिस्थितीशी सामना करावा लागला. वर्डप्रेस ही प्रणाली पीएचपी भाषेत लिहिलेली आहे, आणि पीएचपीचा स्वभाव असा की प्रत्येक विनंतीसरशी तिचा संसार नव्याने मांडला जातो व उत्तर देताच मोडला जातो. वर्डप्रेसने स्वतःचा वाचक पीएचपीत लिहून एमओ वह्या वापरल्या, तेव्हा प्रत्येक पृष्ठाच्या वेळी सबंध वही वाचून तिच्यातील वाक्ये स्मृतीत मांडण्याचा खर्च पुनःपुन्हा सोसावा लागला. ज्याला इंग्रजीखेरीज अन्य भाषा हवी, त्याच्या पदरी अंमळ संथ संकेतस्थळ येई. 2024 सालच्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या 6.5 या आवृत्तीत हा अन्याय पुष्कळसा दूर झाला. वाचक नव्याने लिहिला गेला, आणि भाषांतरे थेट पीएचपीच्या तक्त्याच्या रूपातही ठेवण्याची सोय झाली, ज्यामुळे पीएचपीची ऑपकॅश यंत्रणा तो तक्ता एकदा संकलित करून सामायिक स्मृतीत जपून ठेवते आणि पुढील विनंत्यांना तो आयता मिळतो. पीओची वही भाषांतरकारासाठी तशीच राहिली; पालटली ती केवळ यंत्राची वही. माणसाचे आणि यंत्राचे दफ्तर प्रथमपासून विभक्त ठेवण्यातील दूरदृष्टी येथे फळास आली.

मराठीच्या दृष्टीने या हिशेबात आणखी एक रक्कम येते. यूटीएफ-8 या प्रचलित संकेतनात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘महाराष्ट्र’ या शब्दात दहा चिन्हे असल्यामुळे तो 30 बाइट व्यापतो, आणि तेच नाव रोमन लिपीत 11 बाइटांत मावते. परंतु यावरून देवनागरी महाग आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कारण त्या तीन बाइटांपैकी पहिला सदैव एकच आणि दुसरा दोहोंपैकी एक असतो, आणि अशी पुनरावृत्ती संक्षेपणाच्या यंत्रणांना फार मानवते. भाषेच्या अंगभूत नियमांचीही गेटटेक्स्टने कदर केली आहे. संख्येप्रमाणे वाक्याची रूपे किती आणि कोणत्या संख्येला कोणते, याचे सूत्र प्रत्येक वहीच्या शिरोभागी लिहिलेले असते. मराठीची रूपे दोन, जपानीचे एक, पोलिशची तीन, अरबीची सहा, आणि या सर्वांसाठी मूळ आज्ञावलीत एक अक्षरही बदलावे लागत नाही.

गेटटेक्स्टच्या मर्यादाही नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. मूळ वाक्य हीच किल्ली असल्याने इंग्रजीत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की सर्व भाषांतील त्या नोंदीला पुन्हा मान्यता द्यावी लागते. एकच इंग्रजी वाक्य दोन प्रसंगी दोन अर्थांनी आले तर संदर्भाची वेगळी खूण जोडावी लागते. आणि प्रत्यक्ष प्रघातात मुळाचे स्थान इंग्रजीकडेच राहते. शिवाय हे दफ्तर आज्ञावलीच्या स्थिर वाक्यांसाठी आहे. वापरणारे रोज जे लेख व वर्णने लिहितात, त्यांची जागा विदागारात. तेथे प्रत्येक भाषेला स्वतंत्र स्तंभ देण्याची कल्पना आरंभी सोपी वाटते, पण नवी भाषा येताच तक्त्याची रचनाच बदलावी लागते. द्रुपल या प्रणालीच्या 2015 साली आलेल्या आठव्या आवृत्तीने निवडलेला मार्ग अधिक विवेकाचा आहे: लेखाची मूळ ओळख एका तक्त्यात, आणि शीर्षकादी मजकूर दुसऱ्या तक्त्यात, जेथे लेखाचा क्रमांक व भाषेची खूण मिळून प्राथमिक कळ सिद्ध होते. भाषा वाढली तर ओळी वाढतात, रचना अबाधित राहते.

या साऱ्या रचनांतून एक तत्त्व मला सर्वांत मोलाचे वाटते. गेटटेक्स्टला भाषांतर सापडले नाही, तर ते अडून बसत नाही. मूळ वाक्य जसेच्या तसे परत देते. जे भाषांतरित झालेले नाही ते एमओ वहीत एक बाइटही अडवीत नाही, आणि जे झाले आहे ते त्याच दिवशी उपयोगात येते. म्हणून दहा हजार वाक्यांपैकी केवळ शंभरांचे भाषांतर हाती असलेली भाषाही दफ्तरात सन्मानाने दाखल होऊ शकते, आणि स्वयंसेवकांच्या फुरसतीप्रमाणे क्रमाक्रमाने आपला अधिकार वाढवू शकते. अपुऱ्या भाषेसाठी जागा राखून ठेवावी लागली असती, किंवा संपूर्ण भाषांतर हीच प्रवेशाची अट असती, तर ज्या भाषांपाशी पगारी भाषांतरकारांच्या फौजा नाहीत त्या कायमच्या बाहेर राहिल्या असत्या. साठवणीतील काटकसर ही येथे औदार्याचीच दुसरी बाजू ठरते. तेव्हा मराठी मुलखात जे तरुण आज नवी संकेतस्थळे बांधीत आहेत, त्यांना आग्रहाची विनंती अशी की मजकूर आज्ञावलीत कधीही रुतवू नये, प्रत्येक नोंदीला भाषेची खूण पहिल्याच दिवशी द्यावी, माणसाची वही व यंत्राची वही वेगळी राखावी, आणि भाषांतर नसेल तेव्हा काय दाखवावयाचे हे आधीच ठरवून ठेवावे. संकेतस्थळ आज एकभाषी असले तरी एवढी पूर्वतयारी करण्यास फारसे कष्ट पडत नाहीत, आणि उद्या कोकणी, गोंडी वा अहिराणी बोलणारा कोणी आपली पहिली शंभर वाक्ये घेऊन आला, तर त्यांची नोंद त्याच दिवशी होऊ शकते.